एका वृत्तपत्राचा अस्त

अहमदपूरचा मुलूख निजामाच्या अमलांत असतां, ऑगस्ट 1948 मध्यें हैदराबादेस ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांचा खून झाला. तेव्हां पत्राचा वैरी उघड दिसे. 2014 सालीं निघालेलें डिजिटल पत्र ‘हफपोस्ट इंडिया’ संपलें तें मात्र भांडवलाच्या नियमानें. 2019 मध्यें त्यानें नितिन सेठी यांच्या लेखमालेंतून, राजकीय पक्षांस निनावी देणग्या पोंचविणाऱ्या निवडणूक रोख्यांचें गुपित फोडलें. त्याच वर्षीं डिजिटल वृत्तसंस्थांतील परकीय भांडवलास शेंकडा 26 ची मर्यादा पडली. पुढें मूळ अमेरिकन पत्र ‘बझफीड’नें घेतलें, भारतीय आवृत्ति कायद्यानें घेतां येईना, म्हणून ती 24 नोव्हेंबर 2020 रोजीं बंद झाली. रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयानें 2024 मध्यें घटनाबाह्य ठरविली. तो निकाल छापावयास तें पत्र उरलें नव्हतें. वर्गणी देणारा वाचक जोंवर पत्राचा धनी होत नाहीं, तोंवर त्याचें आयुष्य परक्याच हातीं राहणार.