इंजिनाने धरलेली हवा

औंढा नागनाथपासून समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर. तरीही कोकणातल्या तांडेलाची एक अडचण आमच्याकडच्या विहीर-बागायतदाराला चांगली ठाऊक आहे: चालते इंजिन अचानक बंद पडणे. ‘इंजिनाने हवा धरली’ हे निदान दोघांचेही. या बिघाडाचा माग काढताना मला दिसले, की तो डिझेल इंजिनाच्या एका सुधारणेबरोबर घरोघरी पोहोचला.

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले. त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फवारले जाई. त्यासाठी जड कॉम्प्रेसर लागे. लहान होडीला तो परवडणारा नव्हता. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधनपंपाचे मोठे उत्पादन सुरू केले आणि लहान डिझेल इंजिनांची वाट मोकळी झाली. हा पंप तेलच दाबून नोझलपर्यंत नेतो. तेल दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा शिरला की पंपाचा जोर त्यालाच दाबण्यात जातो, नोझल उघडत नाही आणि इंजिन थांबते.

१९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, खडकीला तिचा कारखाना उभा राहिला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे आमच्याकडे मोटेची जागा इंजिनाने घेतली. किनाऱ्यावर पंचवार्षिक योजनांच्या काळात होड्यांना इंजिने बसू लागली.

उपायही दोन्हीकडे सारखाच. टाकीत तेल आहे का, कॉक उघडा आहे का, झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हे आधी पाहायचे. मग फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग तेल येईपर्यंत हातपंप मारायचा. तोच क्रम पुढे इंधनपंपावर. मात्र विहिरीवरचे इंजिन एका जागी उभे असते. लाटांवर होडी हिंदकळते, टाकीच्या तळचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये जातो, आणि तेल कमी असेल तर नळी हवाच ओढते.

म्हणून इंजिन कसे थांबले, हे होडीवर आधी आठवावे लागते. आचके देत मंदावले, तर संशय तेलावर. धक्का बसून एकदम थांबले, तर पंख्यात जाळे किंवा दोर अडकला असेल. पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न धोक्याचा. तापून थांबले, तर थंड करणाऱ्या पाण्याची वाट बुजली असावी.

फरक आहे तो किमतीचा. विहिरीवर फार तर एक पाळी चुकते. समुद्रात बंद होडी लाटेला आडवी होते. सुरुवातीच्या यांत्रिक होड्यांवर शीड होतेच. इंजिन रुसले तर वारा हाताशी असे. इंजिनावरचा विश्वास वाढला तसे शीड मागे पडले आणि पर्याय उरला तो नांगराचा. म्हणून जाणता तांडेल पान्ह्याला हात लावण्याआधी, तळ लागत असेल तर, नांगर टाकतो. होडीचे तोंड वाऱ्याकडे राहते आणि दुरुस्तीला अवसर मिळतो. १९६०च्या दशकातील सिद्धेश्वर धरणाने पूर्णेचे विस्तीर्ण पाणी आमच्या तालुक्यातही आणले आहे. तिथे इंजिनाची होडी नेणाऱ्यालाही हा क्रम माहीत हवा.