साडेतीन टक्क्यांची जकात

राज्य कोणाच्या हितासाठी चालले होते, हे पुष्कळदा जकातीच्या दरांवरून कळते. १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर बसलेली ३.५ टक्क्यांची जकात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी विलायती कापडावरील ५ टक्के आयात जकात लँकेशायरच्या गिरणीमालकांना खुपू लागली. जकात महसुलासाठी होती. पण ते देशी मालाला दिलेले संरक्षण आहे, अशी त्यांची तक्रार होती. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात माफ केली. १८७६–७८ चा भीषण दुष्काळ नुकताच सरला होता, अफगाण युद्धाचा खर्च चालू होता, तरीही हा महसूल सोडण्यात आला. १८८२ मध्ये कापडावरील उरलेली जकातही गेली.

पुढे रुपया घसरला आणि विलायतेत पौंडांत द्यावयाच्या रकमा भागवताना सरकारी खजिना तोकडा पडू लागला. मार्च १८९४ मध्ये ५ टक्के आयात जकात परत आली. पण कापड आणि सूत त्यातून वगळले होते. डिसेंबरमध्ये तेही आले, मात्र एका अटीवर. देशी गिरण्यांच्या २० नंबरावरील सुतावरही ५ टक्के कर बसला. सुताचा नंबर जितका मोठा, तितके ते बारीक. लँकेशायरचे यानेही समाधान झाले नाही. १८९६ मध्ये सूत करमुक्त झाले, विलायती कापडावरील जकात ३.५ टक्क्यांवर आली आणि देशी गिरण्यांच्या सर्व कापडावर तेवढाच कर बसला.

वरवर पाहता हा समान न्याय होता. पण हिंदी गिरण्या मुख्यतः जाडेभरडे कापड काढीत आणि लँकेशायरचा भर बारीक मालावर होता. जिथे स्पर्धा फारशी नव्हती, तिथेही कर आला. बारीक विलायती कापड घेणाऱ्याला दीड टक्का सूट मिळाली आणि जाडेभरडे धोतर नेसणाऱ्या शेतकऱ्यावर नवा बोजा पडला. टिळकांनी याविरुद्ध लोकमत जागे केले. वंगभंगाच्या ९ वर्षे आधीच महाराष्ट्रात विलायती कापडावरील बहिष्काराची भाषा सुरू झाली, ती या जकातीमुळे.

१९१७ मध्ये महायुद्धाच्या खर्चासाठी विलायती कापडावरील जकात ७.५ टक्के झाली, १९२१ मध्ये ११ टक्के. देशी कापडावरील ३.५ टक्के मात्र कायम राहिले. १९२५ मध्ये मंदीचे कारण सांगून मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत ११.५ टक्के कपात केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. कर उठला तर कपात मागे घेऊ, असे मालक म्हणत होते. डिसेंबरमध्ये सरकारने कर तहकूब केला, कपात रद्द झाली आणि १९२६ मध्ये तो कायमचा गेला.

तीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी जे साधले नव्हते, ते कामगारांच्या काही महिन्यांच्या उपासमारीनंतर घडले. या कराच्या इतिहासात व्हाइसरॉय, मँचेस्टर आणि गिरणीमालक यांची नावे येतात. तो आपल्या धोतराच्या किमतीतून भरणारा शेतकरी आणि अखेर त्यासाठी पोटाला चिमटा घेणारा कामगार यांचीही नोंद त्याच पानावर व्हायला हवी.