मुंडे (आडनाव)

मुंडे हे महाराष्ट्रातील, प्रामुख्याने मराठवाड्यातील एक आडनाव. ते वंजारी समाजात आढळते आणि बीड जिल्ह्यातील परळी तालुका व त्याला लागून असलेला बालाघाटचा डोंगरपट्टा हे त्याचे मुख्य क्षेत्र आहे. मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत एका घराण्याच्या राजकारणामुळे हे आडनाव राज्यभर पोचले. त्याआधी ते जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या कानावर नव्हते.

रूपाच्या दृष्टीने मुंडे हे काळे, गोरे, मोरे, शिंदे यांच्या रांगेतले एकारान्त आडनाव आहे. आकारान्त पुल्लिंगी शब्दाचे आदरार्थी अनेकवचन हीच मराठी आडनावांची एक मोठी ओळ: काळाचे काळे, गोराचे गोरे. त्याच रीतीने मुंडाचे मुंडे. हे रूप अनेकवचनी असल्याची जाण जुन्या बोलण्यात शाबूत आहे. खेड्यातली वयस्कर माणसे ‘मुंड्यांचा वाडा’, ‘मुंड्यांच्या घरची सोयरीक’ असे सामान्यरूप करून बोलतात, तर वर्तमानपत्रे ‘मुंडेंचा दौरा’, ‘मुंडेंची सभा’ असे छापतात. व्याकरणाला पहिला प्रयोग धरून आहे. रूढी मात्र दुसऱ्याच्या बाजूने झुकली आहे, कारण छापील मजकुराला आडनाव जसेच्या तसे दिसायला हवे असते.

शब्दाचे मूळ ‘मुंड’ म्हणजे डोके या संस्कृत शब्दाकडे नेले जाते. मुंडी, मुंडके, मुंडण, मुंडासे, मुंडावळ्या हे सगळे मराठी शब्द त्याच कुळातले आहेत. डोक्यावर केस न ठेवणारा तो मुंडा, त्याचा वंश तो मुंडे, अशी लोकव्युत्पत्ती सांगितली जाते. तिला उच्चाराच्या साम्यापलीकडे आधार नाही. कोणा मूळ पुरुषाचे टोपणनाव पुढे कुळाला चिकटले, ही मराठी आडनावांची नेहमीची घडण आहे आणि मुंडेही त्याच वळणाचे दिसते. हे गावावरून पडलेले आडनाव दिसत नाही. तसे असते तर धारूरकर, परळीकर यांच्यासारखे त्याच्या शेवटी बहुधा ‘कर’ आले असते. ते देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्यासारखे वतनावरूनही आलेले नाही. ते कुळाचे नाव आहे.

वंजारी समाजाचा पूर्वापार धंदा मालवाहतुकीचा. धान्य, मीठ, किराणा अशा मालाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून तांडे घाटमाथ्यावरून आणि घाटाखालून फिरत. फौजांना रसद पोचवण्याचे कामही अशाच तांड्यांकडे असे. पक्क्या सडका झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे पसरली, तसा लादणीच्या बैलाला भाव उरला नाही. तांडे डोंगराच्या कडेने, हलक्या जमिनीवर स्थिरावले आणि शेतीला लागले. बीड, पाथर्डी, सिन्नर, गंगाखेड, अहमदपूर या भागांत आज वंजारी वस्ती दाट दिसते, तिच्यामागे ही स्थिरावण्याची गोष्ट आहे. समाजात लाडजीन, रावजीन, मथुराजीन आणि भुसारजीन अशा शाखा सांगतात. वंजारी आणि बंजारा (लमाण) यांचा धंदा एके काळी सारखा असल्याने बाहेरचे लोक दोघांची गल्लत करतात. मात्र भाषा, पेहराव आणि चालीरीती वेगळ्या आहेत. महाराष्ट्राच्या आरक्षणातही दोघांचे रकाने वेगळे: बंजारा विमुक्त जाती ‘अ’ गटात, तर वंजारी भटक्या जमाती ‘ड’ गटात. ‘ड’ गटाचे दोन टक्के आरक्षण १९९४ पासूनचे आहे.

बीड जिल्ह्यात मुंडे हे आडनाव एकटे येत नाही. फड, गीते, कराड, केंद्रे, सानप, आंधळे, नागरगोजे, घुगे, बडे, खाडे, पालवे, ढाकणे, गर्जे, तांदळे, राख, बांगर, चाटे ही त्याच्या शेजारपाजारची आडनावे. एका आडनावाचे लोक एकमेकांचे भाऊबंद मानले जातात आणि एका आडनावात सोयरीक होत नाही. त्यामुळे ज्या गावात मुंड्यांची भावकी मोठी, तिथल्या सुना फड, गीते, कराड अशा घरांतून येतात आणि लेकी तिकडे जातात. लग्नपत्रिका हातात घेतली की हे जाळे एका नजरेत दिसते: वराकडची निमंत्रकांची यादी एका आडनावाची, वधूकडची दुसऱ्या, आणि मामांच्या ओळीत तिसरेच. वंजारी समाजाच्या नातेसंबंधांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने जनगणनेच्या तक्त्यांआधी या पत्रिका गोळा कराव्यात.

एकाच आडनावाची वस्ती असली की आडनावाचा ओळखीला उपयोग राहत नाही. मतदारयादीत पानेच्या पाने मुंडे असतील तर ‘मुंडे’ म्हणून कोणाला हाक मारणार? मग बापाचे नाव, आजोबाचे टोपणनाव, वरची आळी, खालची आळी, मळ्यातले, विहिरीजवळचे अशी गावची पत्त्याची पद्धत कामाला येते. आडनाव हे मुळात परगावी सांगायचे नाव आहे. शाळेच्या दाखल्यावर, बँकेत, कारखान्याच्या हजेरीत त्याला अर्थ येतो.

जुन्या कागदांत या आडनावाचा माग काढणे सोपे नाही. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. निजामकाळात महसुली दप्तर उर्दूत चाले. त्यात माणसाची नोंद ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे अमक्याचा मुलगा अमका, अशी होई. आडनाव अनेकदा लिहिलेच जात नसे. उर्दू लिपीत ड आणि ढ यांतला फरक एका ‘दोचश्मी हे’ या अक्षरावर उभा असतो, आणि घाईच्या लिखाणात ते अक्षर सुटले तर ढचा ड व्हायला वेळ लागत नाही. आज कागदोपत्री दिसणारी ठाम आडनावे बऱ्याच अंशी शाळेतल्या पहिल्या नाव-नोंदणीने पक्की झाली. गुरुजींनी हजेरीपटावर जे लिहिले ते पुढे दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि आधार कार्डावर उतरले.

ड आणि ढच्या या घोळामुळेही असेल, मुंडे आणि मुंढे ही दोन रूपे बीड जिल्ह्यातच शेजारी शेजारी नांदताना दिसतात. प्रशासकीय सेवेतले, वारंवारच्या बदल्यांमुळे गाजलेले सनदी अधिकारी तुकाराम मुंढे हे बीड तालुक्यातील ताडसोन्ना गावचे; त्यांचे आडनाव ‘ढ’चे. रोमन लिपीत त्यांच्या नावात एक जादा अक्षर येते आणि इंग्रजी बातम्यांतून ते कधी असते, कधी नसते. मराठीत लिहिताना मात्र या दोन रूपांची अदलाबदल करू नये.

आणखी काही सारख्या दिसणाऱ्या नावांचा मुंडे आडनावाशी संबंध नाही. झारखंडमधील मुंडा ही आदिवासी जमात असून तिची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातली आहे. बिरसा मुंडा (१८७५-१९००) त्या जमातीचे. केज मतदारसंघामुळे बीडच्या राजकारणात परिचित असलेले मुंदडा हे माहेश्वरी समाजातले आडनाव. पंजाबी गाण्यांत वारंवार ऐकू येणारा ‘मुंडे’ हा शब्द म्हणजे पोरे, मुलगे. लग्नाच्या वरातीत परळीतही तो वाजतो, तेव्हा त्यावर विनोद होणारच.

मुंडे आडनावाची लोकसंख्या आकड्यात सांगता येत नाही. भारताच्या जनगणनेत आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत, आणि सर्व जातींचे आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती आणि जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांपैकी परळी, अंबाजोगाई, केज, धारूर, वडवणी या डोंगराळ पूर्व व दक्षिण भागात मुंडे आडनावाची घरे अधिक. जिल्ह्याबाहेर लातूरमधील रेणापूर व अहमदपूर, परभणीतील गंगाखेड या लगतच्या तालुक्यांत ती आहेत. त्यापलीकडचा फैलाव पोटापाण्यामागून झालेला. बालाघाटच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांचे जथे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की माणसे गावी परततात. या कोयत्यांत मुंडे आडनावाची माणसे मोठ्या संख्येने आहेत, तशीच मुकादमांतही आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नवी मुंबई या औद्योगिक शहरांत कायमची गेलेली कुटुंबे हा त्यापुढचा टप्पा.

आडनावाला सार्वजनिक ओळख दिली ती परळी तालुक्यातील नाथ्रा गावच्या एका शेतकरी कुटुंबाने. गोपीनाथ मुंडे यांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ रोजी तिथे झाला. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात प्रमोद महाजन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. पुढे महाजनांच्या भगिनीशी त्यांचा विवाह झाला. १९८० मध्ये ते रेणापूर मतदारसंघातून पहिल्यांदा आमदार झाले, १९८५ ला हरले आणि १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार निवडणुका जिंकले. १९९५ ते १९९९ या काळात ते राज्याचे उपमुख्यमंत्री होते. २००९ आणि २०१४ साली बीडमधून लोकसभेवर गेले. केंद्रात ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतल्यावर आठव्या दिवशी, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत अपघातानंतर त्यांचे निधन झाले. बीड जिल्ह्यात ‘साहेब’ असे नुसते म्हटले तरी त्यांच्या अनुयायांत आडनाव जोडावे लागत नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या निधनानंतर बीड लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम यांनी ६,९६,३२१ मतांचे आधिक्य मिळवले. लोकसभेच्या इतिहासातला तो तेव्हाचा उच्चांक होता आणि तो २०२४ पर्यंत टिकला. पुढे एकाच आडनावाचे दोन उमेदवार समोरासमोर आले. २०१९ च्या विधानसभेत परळीत धनंजय मुंडे यांनी आपल्या चुलत भगिनी, गोपीनाथ यांच्याच कन्या पंकजा मुंडे यांचा पराभव केला. नुसत्या आडनावावर मत पडते, या समजाला त्या निवडणुकीने छेद दिला, कारण दोन्हीकडे आडनाव तेच होते. २०२४ साली बीड लोकसभेत पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या आणि पंधरा वर्षांनी ही जागा मुंडे आडनावाबाहेर गेली.

स्त्रियांच्या आडनावाच्या दृष्टीने हे घराणे वेगळे नोंदवावे लागते. पंकजा आणि प्रीतम यांची नावे अनुक्रमे मुंडे-पालवे आणि मुंडे-खाडे अशी जोडआडनावाने लिहिली गेली, पण सभेत, भिंतीवरच्या घोषणेत आणि मतदाराच्या तोंडी माहेरचे मुंडे हेच राहिले. ग्रामीण मराठवाड्यात लग्नानंतर स्त्रीचे आडनावच काय, काही घरांत पाळण्यातले नावही बदलते. तिथे माहेरच्या आडनावाने मंत्रिपदापर्यंत जाणे ही सवयीला अपवाद असलेली गोष्ट आहे; अर्थात वारसा मोठा असला की रूढी लवचीक होते, हेही तितकेच खरे.

हे आडनाव आता सरकारी योजनांच्या नावांतही शिरले आहे. अपघातग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठीची सानुग्रह अनुदान योजना आणि ऊसतोड कामगारांसाठीचे कल्याण महामंडळ ही दोन्ही गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने आहेत. ज्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेसाठी त्यांनी आग्रह धरला, तिचा अहिल्यानगर ते बीड हा टप्पा १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाला. तांड्याच्या ज्या बैलांना रेल्वेने बाजूला सारले, त्या बैलांमागून आलेल्या समाजाच्या जिल्हा मुख्यालयाला स्वतःची रेल्वे मिळायला एवढी वर्षे लागली.

आडनाव ऐकले की जात कळते, आणि जात कळली की बाजू ठरवली जाते, ही बीडमधली अडचण मराठा आणि इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादात तीव्र झाली. त्याची झळ मुंडे, सानप, आंधळे यांना बसली तशी जाधव, शिंदे, सोळंके यांनाही बसली. २०२५ च्या सुरुवातीला जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने संबोधावे, अशी सूचना केली. त्यानंतर बीडच्या पोलिसांच्या टेबलावरील पाट्यांवर आणि गणवेशावरील नामपट्टीवर फक्त पहिले नाव लिहिले जाऊ लागले.