श्रेयांक मिळाले, पण शिकणे किती झाले?

पदवीच्या गुणपत्रिकेवर टक्क्यांच्या जागी श्रेयांक, श्रेणी आणि 'सीजीपीए' आले, तरी या तिन्हींतील फरक अनेक पालकांना उमगलेला नाही. श्रेयांक हे अभ्यासाच्या भाराचे माप आहे, गुणवत्तेचे नव्हे. सत्रभरात १५ तासांची व्याख्याने किंवा ३० तासांची प्रात्यक्षिके म्हणजे साधारणतः एक श्रेयांक. काठावर उत्तीर्ण झालेल्याला आणि वर्गात पहिल्या आलेल्याला एका विषयाचे श्रेयांक सारखेच मिळतात.

विद्यार्थी किती शिकला, हे सांगण्याचे काम श्रेणीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पट्टीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' म्हणजे ९, तर उत्तीर्णतेची किमान श्रेणी 'पी' म्हणजे ४. सरासरी काढताना श्रेणीगुणांना त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणले जाते. चार श्रेयांकांच्या विषयात ९ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ६ मिळवणाऱ्याची सरासरी ८ येते. हेच गुण उलट पडले तर ती ७ वर घसरते. मोठ्या विषयाकडे दुर्लक्ष असे महागात पडते.

खरी मेख आहे ती अंतर्गत मूल्यमापनात. केवळ सत्रान्त परीक्षेवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरू नये, चाचण्या, प्रकल्प आणि सादरीकरणांतून त्याची पारख सतत होत राहावी, हा त्यामागील हेतू. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ मध्ये ही पद्धत आणली तेव्हा १०० पैकी ४० गुण महाविद्यालयाच्या हाती होते. पुढे काही अभ्यासक्रमांत ते २५ वर आले. शंभरावर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचा प्रकल्प बारकाईने तपासणे एकट्या प्राध्यापकाला शक्य नसते. मग गुण सढळ हाताने दिले जातात आणि मेहनती विद्यार्थ्याचे वेगळेपण त्यात हरवते.

आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीमुळे हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. पेढीत जमा श्रेयांक कमाल सात वर्षे वापरता येतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. मात्र ते कोणत्या काटेकोरपणाने दिले गेले, याची नोंद त्यांच्यासोबत जात नाही.

सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्रही विद्यापीठागणिक बदलते. त्यामुळे नोकरीसाठी वा परदेशी प्रवेशासाठी अर्ज करताना आपल्या विद्यापीठाचे रूपांतराचे अधिकृत पत्र सोबत जोडणे श्रेयस्कर.