शनिवारचा घाणा आणि लंडनची टॅक्सी

आपल्या वाडवडिलांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आठवड्याचे सहा दिवस घाणा फिरे आणि सातव्या दिवशी बैल गोठ्यात राही. पण या गोष्टीतला एक मुद्दा आपण सहसा ध्यानात घेत नाही. घाणा स्वतःचा होता, म्हणूनच तो थांबविता आला. पुढे आम्ही मुंबईस आलो, पलटणीत, कचेरीत, इस्पितळात आणि रेल्वेत शिरलो. पगार ठरलेला झाला, पोरे शिकली. परंतु सुट्टी पडली रविवारी. पहाटे घाईघाईने तेफिल्ला उरकून शनिवारी कामावर धावणारे वडील आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. पोट आणि शब्बाथ यांची ही ओढाताण केवळ आपल्याच वाट्याला आली असे मात्र नाही. लंडनच्या यहुदी टॅक्सीवाल्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

इंग्लंडातून यहुद्यांना 1290 साली राजा पहिला एडवर्ड याने हाकलून दिले होते. साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, 1655 मध्ये, रब्बी मनश्शे बेन इस्राएल हे आम्स्टरडॅमहून लंडनला आले व त्यांनी ऑलिव्हर क्रॉमवेलपुढे आपल्या लोकांची बाजू मांडली. 1656 पासून यहुदी तेथे उघडपणे राहू लागले. गंमत अशी की, लंडनच्या भाड्याच्या घोडागाड्यांना नियमात बांधणारा 1654 चा हुकूमही क्रॉमवेलच्याच राजवटीतला. या दोन वाटा एकत्र येण्यास मात्र पुढे अडीचशे वर्षे लागली.

1881 नंतर रशियाच्या साम्राज्यातील दंगली व दारिद्र्य यांना कंटाळून हजारो यहुदी कुटुंबे लंडनच्या ईस्ट एंड भागात, व्हाइटचॅपलच्या आसपास उतरली. शिवणकाम, जोडे आणि लाकडी सामान हे त्यांचे धंदे. अंधाऱ्या खोल्यांत दिवसाचे बारा-चौदा तास काम चाले. हंगाम संपला की हाताला काम नसे. त्यांच्या मुला-नातवांपैकी पुष्कळजण विसाव्या शतकात टॅक्सीकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर लंडनच्या टॅक्सी-अड्ड्यावर यहुदी चालक असणे ही अगदी नित्याची बाब झाली.

हा परवाना मात्र स्वस्तात मिळत नसे, व आजही मिळत नाही. 1843 च्या कायद्यानुसार चालकाला क्रमांकाचा बिल्ला अंगावर लावणे भाग पडले. 1850 पासून हा कारभार पोलिसांकडे गेला, आणि 1865 मध्ये ‘नॉलेज’ नावाची परीक्षा सुरू झाली. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ हवेत. शिवाय इस्पितळे, कोर्ट, नाटकगृहे, प्रार्थनामंदिरे, हॉटेले हेही. त्यासाठी 320 ठरलेले मार्ग आहेत. त्यांतला पहिला म्हणजे मॅनर हाऊस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. उमेदवार मोपेडवर बसून, पुढे नकाशा लावून, ऊन-पावसात हे मार्ग पालथे घालतात. घरी आल्यावर दोघे समोरासमोर बसून एकमेकांना मार्ग म्हणून दाखवितात. येशिवातील जोडीने चालणारा अभ्यास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

मग परीक्षकापुढे हजेरी. उमेदवाराने कोट-टाय घालून जावे, परीक्षकाने दोन ठिकाणे सांगावी आणि उमेदवाराने नकाशा न पाहता, प्रत्येक वळण नावानिशी सांगत, जवळचा मार्ग म्हणावा. प्रथम 56 दिवसांनी, मग 28, मग 21 दिवसांनी अशा या फेऱ्या होतात. सारे पार पडण्यास तीन-चार वर्षे सहज लागतात. शेवटी संपूर्ण लंडनचा हिरवा बिल्ला मिळतो; केवळ उपनगरांसाठी पिवळा असतो. यहुदी नाटककार जॅक रोझेंथाल यांनी 1979 साली याच परीक्षेवर दूरदर्शनसाठी नाटक लिहिले व ते फार गाजले.

बिल्ला मिळाला म्हणजे गाडी मिळाली असे नव्हे. 1907 पासून मीटर सक्तीचे झाले. नवा चालक मालकाची गाडी घेई आणि एकतर मीटरवरील रकमेचा हिस्सा देई, नाहीतर आठवड्याचे ठरलेले भाडे भरी. भाडे भरणाऱ्याला गाडी उभी राहिली तरी पैसे चुकत नसत. पुढे काटकसर करून ज्याने स्वतःची गाडी घेतली, तो खरा मोकळा झाला. घाण्याची गोष्ट येथे पुन्हा आठवते.

सारेच यहुदी चालक शब्बाथ पाळीत, असे आम्ही म्हणणार नाही. शुक्रवार-शनिवारची रात्र ही टॅक्सीच्या कमाईची रात्र. ती सोडणे म्हणजे घरखर्चाला कात्री. कित्येकांनी ती सोडली नाही. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण आम्हीही कचेरीत गेलोच होतो. परंतु ज्याला गाडी थांबवावयाची होती, त्याला साहेबाकडे रजेचा अर्ज करावा लागत नव्हता. पाळणे वा न पाळणे हे त्याच्या मनावर होते. गरीब माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

2000 साली हा कारभार पोलिसांकडून शहराच्या वाहतूक खात्याकडे गेला. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखविले की, स्थळांची आठवण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाची मागची बाजू या चालकांत इतरांहून मोठी असते. 2012 पासून मोबाईलवर बोलाविण्याच्या गाड्या आल्या आणि काळ्या टॅक्सीची कमाई घटली. तरी नॉलेज परीक्षा चालूच आहे.

इस्राएलमध्ये आल्यावर शनिवारची सुट्टी आम्हांला मागावी लागली नाही, कायद्यानेच मिळाली. म्हणूनच ती स्वतःच्या खिशातून देणाऱ्यांची आठवण ठेवावी. नवगावचा तेली आणि व्हाइटचॅपलचा टॅक्सीवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत. परंतु एक दिवस घाणा थांबविला की किती तेल कमी निघते, याचा हिशेब दोघांनाही पाठ होता.