रोटेनबुर्ग : काळ थांबलेले गाव?

दिनदर्शिकेपासून बिस्किटांच्या डब्यापर्यंत जे जर्मन गाव सर्वत्र दिसते, ते बहुधा रोटेनबुर्ग. बव्हेरियात, टाउबर नदीच्या खोऱ्यावर उंचावर वसलेले. भोवती तटबंदी, आत उतरत्या लाल छपरांची घरे, खाली दुमजली कमानींचा पूल आणि उतारावर द्राक्षमळे. पाहणाऱ्यास वाटते, येथे काळ थांबला आहे. आजचा धागा या वाटण्याविषयी.

१२७४ मध्ये हॅब्सबर्ग घराण्यातील राजा रुडॉल्फ याने या नगरास मुक्त साम्राज्य-नगराचा दर्जा दिला. म्हणजे वर कोणी सरंजामदार नाही, नाते थेट राजाशी. १४०० नंतर भोवतालच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर मुलखावर नगराची सत्ता होती. त्याच्या सीमेवर खंदक आणि दाट झाडीचे कुंपण घातले होते. तेव्हा केवळ तटाच्या आत फिरून रोटेनबुर्ग कळत नाही. १५२५ च्या शेतकरी उठावात ओरेनबाखसारख्या याच मुलखातील खेड्यांनी नगराविरुद्ध शस्त्र उचलले. उठाव चिरडला गेला आणि पुढाऱ्यांची मस्तके भर बाजारचौकात उडवली गेली. आज त्याच चौकात पर्यटक छायाचित्रे घेतात.

तेथे सांगितली जाणारी कथा मात्र निराळी आहे. १६३१ मध्ये सेनापती टिलीने नगर जिंकले आणि नुश नावाच्या माजी नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर मद्य एका दमात पिऊन ते वाचवले, अशी ती कथा. तिचे नाटक १८८१ पासून होते. कथा गोड आहे, इतिहास नव्हे. तीस वर्षांच्या युद्धाने नगर कंगाल झाले, व्यापार दूर सरला, जुने पाडून नवे बांधण्यास पैसाच उरला नाही. ज्यास आपण 'जतन' म्हणतो, ती बव्हंशी दारिद्र्याची कमाई आहे! एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना त्याच दारिद्र्यात सौंदर्य दिसले आणि मागोमाग प्रवासी आले.

या सौंदर्याचा एक उपयोग पुढे नाझींनी केला. 'आनंदातून सामर्थ्य' या संघटनेच्या सहली येथे येत आणि रोटेनबुर्ग म्हणजे आदर्श जर्मन गाव असे दाखवले जाई. त्या आदर्शात ज्यू बसत नव्हते. वास्तविक तेराव्या शतकात रब्बी मेईर येथे शिकवीत, तेव्हा युरोपभरच्या ज्यू समाजांतून त्यांच्याकडे प्रश्न येत. १५२० मध्ये ज्यूंना हाकलले गेले. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबे परतली. ऑक्टोबर १९३८ मध्ये उरलेल्यांनाही घालवून देण्यात आले. देशभर सिनगॉग जळण्यास तेव्हा काही आठवडे अवकाश होता, पण रोटेनबुर्गला घाई होती.

३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी पूर्वेकडील भाग उद्ध्वस्त केला. तीनशेच्या आसपास घरे आणि तटाचा मोठा हिस्सा कोसळला. एप्रिलमध्ये गाव लढाईविना शरण आले, म्हणून बाकीचे वाचले. युद्धानंतर ढासळलेले पुन्हा जुन्याच ढंगात उभारले. म्हणजे पर्यटक ज्याला मध्ययुगीन म्हणून हात लावतात, त्यातले बरेचसे आपल्या आजोबांच्या वयाचे आहे.

याचा पुरावा लपलेला नाही. पूर्वेकडील तटावरून चालताना भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी पाट्या दिसतात. देणगीदाराचे नाव आणि त्याच्या पैशांतून किती मीटर तट उभा राहिला तो आकडा. कित्येक नावे अमेरिकेची, जपानची.

रब्बी मेईर यांच्या काळच्या ज्यू दफनभूमीवर आज मोटारी उभ्या असतात.