अलंकारांचीं इंग्रजी नांवें

आपल्या घरांतील मुलें इंग्रजी कवितेचा अभ्यास करूं लागलीं, कीं सिमिली, मेटॅफर, हायपर्बोली, आयरनी अशा नांवांची एक यादी त्यांच्यापुढें येते. ती पाठ करतांना त्यांची जी त्रेधा उडते, ती आपण पाहतोंच. मौज अशी, कीं हीं नांवें मूळचीं इंग्रजी नाहींतच. सिमिली हा शब्द लॅटिन. बाकीचे तिन्ही ग्रीक. हे शब्द इंग्रजीच्या घरांत कसे शिरले, आणि एका इंग्रजानें त्यांच्या जागीं घरचे शब्द बसविण्याचा यत्न कसा केला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्राचीन ग्रीसमध्यें न्यायसभा आणि लोकसभा या दोन्ही ठिकाणीं वाणी हेंच शस्त्र होतें. म्हणून तेथील शिक्षकांनीं बोलण्यांतील चमत्कृतींचें वर्गीकरण केलें व त्यांना नांवें दिलीं. रोमन लोकांनीं ही विद्या उचलली. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियन यानें तिच्यावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. मध्ययुगांत बहुतेक पंडितांना त्याच्या खंडित प्रतीच ठाऊक होत्या. इ. स. १४१६ मध्यें पोजिओ ब्राचोलिनी या इटालियन विद्वानास स्वित्झर्लंडांतील सेंट गॉलच्या मठांत त्याची संपूर्ण प्रत सांपडली. पुढें मुद्रणकला आली, आणि सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील मुलें लॅटिन पाठांबरोबर हे अलंकारहि घोकूं लागलीं. इंग्रजी ही त्या काळीं घरची बोली. गंभीर विद्येस ती अपुरी, असें पुष्कळ विद्वान मानीत.

या समजुतीला उत्तर म्हणून १५८९ सालीं लंडन येथें 'दि आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' हा ग्रंथ छापला गेला. त्यावर कर्त्याचें नांव नव्हतें. तो जॉर्ज पटनम यानें लिहिला, असें आज सामान्यतः मानतात. त्याचे वाचक म्हणजे राजदरबारांतील स्त्रीपुरुष. त्यांना ग्रीक नांवांचा जाच होऊं नये म्हणून त्यानें प्रत्येक अलंकाराला घरगुती इंग्रजी नांव दिलें. आयरनी म्हणजे 'कोरडी थट्टा'. सरकॅझम म्हणजे 'कडू टोमणा'. हायपर्बोली म्हणजे 'मोठ्यानें खोटें बोलणारा'. मेटॅफरला त्यानें 'वाहून नेणारा' अशा अर्थाचें नांव दिलें, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थहि तोच आहे. आजहि ग्रीसमध्यें मालवाहू गाड्यांवर हाच शब्द रंगविलेला दिसतो!

पटनमचीं नांवें टिकलीं नाहींत. शाळांतील विद्या लॅटिनमधून चाले, आणि ग्रीक नांवें साऱ्या युरोपच्या पंडितांना समान होतीं. त्यांच्यापुढें एकट्या माणसाचें नवें नाणें चालणार कसें? परंतु नांव ऐकतांच अलंकाराचें कार्य डोळ्यांपुढें उभें राहावें, ही त्याची दृष्टि शिक्षकाची होती.

आपली स्थिति याहून भाग्याची आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक हे चार अलंकार सांगितले आहेत. पुढील आचार्यांनीं ती संख्या पुष्कळ वाढविली. मात्र सिमिली म्हणजे उपमा आणि मेटॅफर म्हणजे रूपक, एवढ्या समीकरणावर मुलांनीं थांबूं नये. 'तो सिंहासारखा लढला' ही उपमा. 'तो सिंहच आहे' हें रूपक. पण वीराचें नांवहि न घेतां 'पाहा, सिंह आला' असें म्हटलें, तर इंग्रज त्यालाहि मेटॅफरच म्हणेल. आपलें शास्त्र त्यास अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतें. उलट 'जणूं' या शब्दानें ओळखूं येणाऱ्या उत्प्रेक्षेला इंग्रजींत स्वतंत्र नांवच रूढ नाहीं. कोणतेंहि शास्त्र यांत चुकलेलें नाहीं. दोघांनीं एकच शेत निरनिराळे बांध घालून वांटलें आहे.

म्हणून मुलांची उजळणी घेतांना आधीं यादी विचारूं नका. एक ओळ वाचून दाखवा, आणि येथें कवीनें काय केलें, कशासाठीं केलें, तें मराठींत सांगावयास लावा. तेवढें साधलें, कीं ग्रीक नांव शिकण्यास एक दिवस पुरे होतो.